पाणीवाली बाई : कै. मृणालताई गोरे

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तिच्यात पाककृती, विणकामाचे नमुने, उखाणे आणि एखाद्या थोर साध्वीचे चरित्र असावे अशी आपली चाल आहे. ती चांगलीच आहे. यंदा मात्र मी एका आमदारबाईंचे चरित्र लिहावयास घेतले आहे. मंडळात राजकारण आणू नये हा आपला नियम मला ठाऊक आहे, आणि ह्या लेखात मला कोणत्याही पक्षाची बाजू घ्यावयाची नाही. परंतु कै. मृणालताई गोरे ह्यांचे कार्य नळाच्या तोटीपासून, रेशनच्या पिशवीपासून आणि बाळंतिणीच्या खोलीपासून सुरू होते. शिवाय ह्या बाईंनी गोरेगावच्या महिला मंडळात काम केले. तेव्हा त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेत शोभेल असे मला वाटते.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचे आडनाव मोहिले. त्या अभ्यासात हुशार होत्या आणि डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. त्या काळी मुलगी मॅट्रिक झाली तरी आळीत कौतुक होई. डॉक्टरकीचा अभ्यास करणाऱ्या मुली तर फारच थोड्या. पण त्याच वयात त्यांचा राष्ट्र सेवा दलाशी संबंध आला. १९४१ साली सुरू झालेल्या ह्या दलात मुलगे व मुली बरोबरीने काम करीत. खेड्यापाड्यांत जाऊन सफाई करणे, साक्षरतेचे वर्ग घेणे, जातपात न पाहता एकत्र जेवणे ही तिथली शिकवण. मृणालताईंच्या मनाने असे घेतले की देश नवा स्वतंत्र होत असताना आपण पूर्ण वेळ ह्याच कामाला द्यावा. त्यांनी डॉक्टरकी अर्ध्यावर सोडली. आज मुलीच्या प्रवेशासाठी दागिने गहाण ठेवणाऱ्या आपल्यासारख्या आयांना हे ऐकून धस्स होईल. त्यांच्याही घरी काही कमी दुःख झाले नसेल.

१९४८ साली त्यांचा विवाह केशव गोरे ह्यांच्याशी झाला. सारे त्यांना बंडू गोरे म्हणत. तेही समाजवादी विचारांचे कार्यकर्ते. दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड केले. आजचे गोरेगाव डोळ्यांसमोर आणू नका. त्या वेळी ते मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे गाव होते आणि तिथला कारभार ग्रामपंचायत पाहात असे. पुढे १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली, तेव्हा गोरेगाव महापालिकेत आले. ह्या गावात मृणालताईंनी बायकांना एकत्र करण्याचे काम केले. महिला मंडळाबरोबर त्यांनी कुटुंबनियोजनाचेही काम हाती घेतले. ज्या गोष्टीचा उच्चार सासूसमोर करता येत नसे, ती गोष्ट बायकांच्या बैठकीत समजावून सांगावयाची म्हणजे केवढे धैर्य पाहिजे! ह्याच कामात त्यांची बायकांशी ओळख वाढली. कोणाच्या घरी काय उणे आहे, कोणाची पाठ कशाने दुखते, हे त्यांना बायकांच्या तोंडूनच कळू लागले.

१९५८ साली बंडू गोरे ह्यांचे अकाली निधन झाले. मृणालताईंचे वय तीस, पदरी लहान मुलगी. त्या काळी विधवा बाईची जागा घराच्या कोपऱ्यात, हे आपण आपल्या आज्यांकडून ऐकले आहे. मंगल कार्यात पुढे यावयाचे नाही, हळदीकुंकवाला कोणी बोलवावयाचे नाही. मृणालताई कोपऱ्यात बसल्या नाहीत. पतीचे नाव गोरेगावच्या केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या रूपाने राहिले, आणि पतीचे काम त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर नगरसेविका म्हणून निवडून आल्या.

आता पाण्याची गोष्ट. मुंबईला पाणी येते ते तानसा, वैतरणा अशा लांबच्या तलावांतून, मोठमोठ्या नळांतून. उपनगरे महापालिकेत आली, पण नळ काही एका दिवसात आले नाहीत. गिरण्या-कारखान्यांत काम करावयास आलेली माणसे डोंगरउतारावर आणि मोकळ्या जागांवर झोपड्या बांधून राहू लागली होती. महापालिकेच्या दप्तरी ती वस्ती बेकायदा. वस्ती बेकायदा म्हणून नळ नाही, असा सरळ हिशेब. पण तहान कायदेशीर की बेकायदा, हे कोणी विचारीत नव्हते. ह्या वस्त्यांतली माणसे भरलेल्या पाण्याचे पैसे देत, दुसऱ्याच्या दारी जाऊन हंडाभर पाणी मागत, नाहीतर मैलभर चालत जात. आणि पाणी आणावयाचे काम कोणाचे? बाईचे आणि तिच्या मुलीचे. पहाटे तीनला उठून रांगेत कळशी लावावयाची, दोन तास उभे राहावयाचे, मग स्वयंपाक करावयाचा, मग कामाला जावयाचे. मुलीची शाळा बुडते ती बहुधा पाण्यापायी.

मृणालताईंनी ह्या वस्त्यांतल्या बायकांना बरोबर घेतले. अर्ज केले, सभागृहात प्रश्न विचारले, आणि उत्तर मिळेना तेव्हा रिकामे हंडे घेऊन बायकांचे मोर्चे महापालिकेवर नेले. रिकामा हंडा वाजू लागला की साहेबांच्या कचेरीत काम होत नाही. एकदा जाऊन भागत नसे. पुन्हापुन्हा जावे लागे. रडल्यावाचून आईसुद्धा दूध देत नाही, ती महापालिका काय देणार! वर्षानुवर्षे हा झगडा चालला आणि एकेका वस्तीत नळ येऊ लागला. लोकांनी त्यांना नाव दिले ‘पाणीवाली बाई’. पदवीदान समारंभात मिळणाऱ्या पदव्या पुष्कळ असतात. ही पदवी नळावर मिळालेली आहे.

१९७२ साली समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून त्या महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आल्या. ते वर्ष आपल्या मंडळातील ज्येष्ठ भगिनींना विसरता यावयाचे नाही. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. शेतकरी खडी फोडावयास जात होते आणि शहरांत धान्य, साखर, गोडेतेल, डालडा, रॉकेल दिसेनासे झाले होते. रेशनच्या दुकानावर ‘माल संपला’ची पाटी आणि त्याच मालाला काळ्या बाजारात दुप्पट भाव. लाल ज्वारीची भाकरी त्या दिवसांत घरोघरी झाली, हे आपण ऐकतो.

त्या वेळी मुंबईत ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’ उभी राहिली. मृणालताईंबरोबर अहिल्याताई रांगणेकर, ताराबाई रेड्डी, प्रमिलाताई दंडवते, कमलताई देसाई अशा कार्यकर्त्या तिच्यात होत्या. ह्यांतील कोणी समाजवादी तर कोणी कम्युनिस्ट. एरवी त्यांचे पक्ष एकमेकांशी भांडत. पण तेलाचा डबा रिकामा झाला की तो सगळ्या पक्षांच्या घरी सारखाच रिकामा होतो, हे ह्या बायकांनी ओळखले. चाळीतल्या गृहिणी, झोपडीतल्या मोलकरणी, गिरणीकामगारांच्या बायका आणि फ्लॅटमधल्या शिकलेल्या बायका एका रांगेत आल्या. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजू लागल्या. मग हजारो बायका हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. त्यालाच ‘लाटणे मोर्चा’ म्हणतात. लाटण्यावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. नवऱ्याच्या डोक्यात घालावयाची वस्तू, असे व्यंगचित्रवाले कायम काढीत आले आहेत. ह्या बायकांनी तेच लाटणे सरकारला दाखवले. त्याचा अर्थ असा की लाटावयाला पीठ नाही, तर हे लाटणे घेऊन आम्ही बसू कुठे?

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मृणालताई त्या वेळी आमदार होत्या. आमदार झाल्यावर मोर्चा सोडून खुर्चीत बसण्याची पद्धत नवी नाही. त्यांनी दोन्ही केले. बाहेर बायका लाटणी घेऊन उभ्या राहात आणि आत त्या सभागृहात सरकारला जाब विचारीत. विधानसभेतले काम आपल्यापैकी पुष्कळ जणींना नीट ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगते. आमदाराला मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. एखादी तातडीची बाब असली तर ‘लक्षवेधी सूचना’ देता येते. आणि आमदार मंत्री नसला तरी त्याला स्वतः कायद्याचा मसुदा मांडता येतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात. पण ते मांडले की सरकारला त्या विषयावर बोलणे भाग पडते. मृणालताईंना ही हत्यारे चांगली वापरता येत असत, कारण त्यांच्या प्रश्नातील माहिती त्यांनी स्वतः वस्तीत फिरून गोळा केलेली असे.

जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. विरोधी पक्षांच्या माणसांची धरपकड सुरू झाली. मृणालताई काही काळ भूमिगत राहून काम करीत होत्या. नंतर पकडल्या जाऊन तुरुंगात गेल्या. १९७७ साली निवडणुका झाल्या तेव्हा त्या उत्तर मुंबईतून जनता पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आल्या, आणि त्याच निवडणुकीत इंदिराबाईंचा रायबरेलीत पराभव झाला. त्या वेळी मुंबईत घोषणा झाली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ इंदिराबाईंना मानणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. त्यांनी राग मानू नये. ही घोषणा इतिहासात नोंदली गेली आहे म्हणून सांगितली. पुढे १९७९ मध्ये ते सरकार पडले आणि लोकसभाही विसर्जित झाली.

१९८५ साली मृणालताई पुन्हा विधानसभेवर आल्या. १९८८-८९ मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. ह्या खेपेस त्यांनी जे काम केले ते माझ्या मते त्यांच्या सर्व कार्यात मोठे आहे, आणि त्याच्यासाठीच मी हा लेख लिहिला.

त्या सुमारास गर्भजलपरीक्षा नावाची तपासणी शहरांत पसरली होती. पोटातल्या बाळाभोवतीचे पाणी सुईने काढून ते तपासावयाचे, म्हणजे बाळात काही आजार-व्यंग असल्यास कळते, असा तिचा मूळ उद्देश. पण त्याच तपासणीत मुलगा की मुलगी तेही कळते. झाले! आजार बाजूला राहिला आणि मुलगी असेल तर पोट पाडावयाचे, असा व्यवहार सुरू झाला. आता पाचशे रुपये खर्चा आणि पुढे हुंड्याचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिरातीही त्या काळी लागत. १९८६ साली मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतले बेचाळीस जण ही तपासणी करीत असल्याचे आढळले. हे खेड्यातले अडाणी लोक नव्हेत. शिकलेले डॉक्टर, शिकलेले आईबाप आणि पैसेवाली घरे.

मुंबईतल्या स्त्रियांच्या संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते ह्यांनी ह्याविरुद्ध मोहीम उघडली. विधानसभेत हा विषय लावून धरला मृणालताईंनी. १९८६ साली त्यांनी गर्भलिंगनिदानाला बंदी घालण्यासाठी अशासकीय विधेयक आणले. जी मुलगी एके काळी डॉक्टर व्हावयास निघाली होती, तिनेच डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या ह्या पापाला आवर घालण्यासाठी उभे राहावे, हा योग विचार करण्यासारखा आहे. सरकारला दखल घ्यावी लागली, समिती नेमावी लागली, आणि १९८८ साली महाराष्ट्र सरकारने स्वतःचा कायदा केला. अशा तऱ्हेचा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. ह्याच वाटेने पुढे १९९४ साली केंद्राने साऱ्या देशासाठी कायदा केला, तो १९९६ च्या आरंभी अमलात आला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. आज आपण सोनोग्राफीला जातो तेव्हा भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी दिसते, फॉर्म भरून सही करावी लागते. ह्या साऱ्याच्या मुळाशी मृणालताईंचे ते विधेयक आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या बायका आहेत.

एवढ्यावर लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण पुढचे आकडे दडवून ठेवणे योग्य नव्हे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे जनगणनेत मोजतात. १९९१ साली त्या ९४६ होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४. म्हणजे कायदा झाल्यावर मुली वाढावयाच्या त्या कमी झाल्या! सुईच्या जागी सोनोग्राफीचे यंत्र आले. ते बाळाची वाढ पाहावयास उपयोगाचे आहे आणि त्यात काही गैर नाही. पण बंद दाराआड मुलगा-मुलगी सांगणारेही निघाले आणि विचारणारेही निघाले. कायद्याने डॉक्टरला शिक्षा होते, जबरदस्ती करणाऱ्या नवऱ्याला व सासरच्यांना होते. पण तक्रार करावयाची कोणी? घरातली गोष्ट घराबाहेर सांगावयाची कोणी? पाण्याच्या वेळी बाई रांगेत सर्वांसमोर उभी होती, म्हणून तिचे दुःख दिसले. हे दुःख उंबऱ्याच्या आत होते. येथे मोर्चा पोचत नाही. येथे शेजारीण पोचते, नणंद पोचते, आणि मंडळ पोचते.

मृणालताईंचे आणखी एक काम सांगावयाचे राहते. बाबूराव सामंत ह्यांच्या साथीने त्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. शहरात एकेकाने किती मोकळी जमीन ठेवावी ह्याला १९७६ च्या कायद्याने मर्यादा होती. त्या कायद्याने मिळू शकणारी जमीन साध्या माणसांच्या घरांसाठी द्यावी, ही त्यांची मागणी. वर्षानुवर्षे कचेऱ्या आणि कोर्ट चालले. शेवटी गोरेगावच्या दिंडोशी भागात सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. बेताच्या मिळकतीच्या माणसाला मुंबईत स्वतःचे घर मिळाले. संकटात सापडलेल्या स्त्रियांना सल्ला व आधार मिळावा म्हणून ‘स्वाधार’ हे केंद्रही गोरेगावात त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. इतके करूनही त्यांचे राहणे साधे होते. सुती साडी, खांद्याला पिशवी. १७ जुलै २०१२ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वसईत त्यांचे निधन झाले. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

भगिनींनो, थोरांची चरित्रे वाचून आपण हात जोडतो आणि पुस्तक मिटतो. ‘त्या थोर होत्या, आपण साध्या’ असे म्हटले की आपली सुटका होते. म्हणून मृणालताईंच्या चरित्रातून मला उमजलेले सांगते. त्या एकट्या कधीच गेल्या नाहीत. महापालिकेत गेल्या तेव्हा मागे हंडेवाल्या होत्या. विधानसभेत गेल्या तेव्हा बाहेर लाटणेवाल्या होत्या. त्या हंडेवाल्यांची आणि लाटणेवाल्यांची नावे कोठे छापलेली नाहीत. त्यांच्यात सातवी शिकलेल्या असतील, काही अजिबात न शिकलेल्याही असतील. त्या आल्या नसत्या तर पाणीवाली बाई ही नुसती एक भाषण करणारी बाई झाली असती. आज ग्रामपंचायतींत आणि महापालिकांत निम्म्या जागा बायकांना राखलेल्या आहेत. तरी २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांवर पंचवीसही स्त्रिया निवडून आल्या नाहीत. जी निवडून जाते तिच्या मागे आपण मतदानाच्या दिवसापुरत्या असतो. नंतर ती कोणाच्या बळावर बोलणार?

तेव्हा वर्धापनदिनाच्या निमित्ताने माझी मंडळापुढे एक सूचना आहे. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटण्याची रीत आहे. सूचना अशी की, सभासदांच्या घरी मुलगी झाली तर मंडळातर्फे आपण पेढे घेऊन तिच्या घरी जावे. बाळ-बाळंतिणीला पाहावयाला म्हणून पाच-सहा जणी मिळून जावे आणि सासूबाईंशी चार शब्द बोलून यावे. दुसऱ्या खेपेची गर्भार सून असेल त्या घरी तर आवर्जून जावे. पाच-सहा शेजारणी येऊन जातात हे दिसले की घरातले माणूस वावगे करावयास धजत नाही. आणि कोणी सून आपल्याला येऊन हळूच काही सांगेल, तर ‘तुझ्या घरचा प्रश्न’ असे म्हणून तिला परत पाठवू नये. तिच्याबरोबर जाऊन तक्रार नोंदवावी. कायदा मृणालताईंनी करून ठेवला आहे. तक्रार नोंदवावयास आपल्यापैकी दोघी बरोबर गेल्या तरी पुरे.

कार्यकारिणीच्या पुढील सभेत ही सूचना घ्यावी, अशी अध्यक्षबाईंना नम्र विनंती आहे.

— मंडळाची एक सभासद